मी नकाशात सोडलेले चार वाघ

कुठल्या तोंडानं सांगू, तेच कळत नाही! पण तुम्ही चहा पाजलाय, म्हणजे आता सांगणं भाग आहे. माझ्या हातून आजवर पुष्कळ घोटाळे झालेत. वाशिंदच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. तिथं एकदा रंगाऐवजी ग्रीसचे डबे पाठवून दिले होते मी. पण कुठल्या घोटाळ्यात जीव जायची पाळी आली नव्हती. या वेळी आली. तीही वाघामुळं. आणि तो वाघ कुठून आला, ते तुम्ही ऐकाच.

आमची खैराची वाडी तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. शहापूरहून मुरबाडकडं निघायचं, एका ठिकाणी आत वळायचं आणि डांबर संपलं की आणखी आत जायचं. फोनवरच्या नकाशात ही वाडी बरीच वर्षं नव्हतीच. तिथं नुसता हिरवा रंग होता. लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे त्या हिरव्यात हरवायचे, आणि मग आम्ही त्यांना ओढ्याच्या पुलावरून उचलून आणायचो.

अशात शहापूरला एका रविवारी ठाण्याच्या काही मुलामुलींनी शिबिर घेतलं. त्यांनी सांगितलं, जगाचा असा एक नकाशा आहे जो लोकांनीच मिळून बनवलाय. संगणकावर त्याचं संकेतस्थळ उघडायचं, आपलं खातं काढायचं, आणि आपल्या गावचा रस्ता, विहीर, शाळा आपणच त्यात काढायची. खाली उपग्रहानं घेतलेला फोटो दिसतो, त्यावर गिरवत जायचं. संपलं! मला याचं वेडच लागलं हो. रविवार आला की मी जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन वाडी काढत बसायचो. बायको, म्हणजे सुगंधा, म्हणायची की दारातला नळ गळतोय तो आधी बघा. नळ काही मी दुरुस्त केला नाही, पण नकाशात टाकला.

आता आमच्या वाघदेवाबद्दल सांगतो. वाडीच्या शिवेवर चार बाजूंना चार वाघदेव आहेत. वाघदेव म्हणजे एक उभा दगड, त्यावर वाघ कोरलेला, वर शेंदूर. ना छप्पर, ना घंटा. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते तेव्हा तिथं खीर शिजवायची, नैवेद्य दाखवायचा, आणि आमच्या गुरांना, पोराबाळांना सांभाळ म्हणून सांगायचं. नकाशात मी हे चारी देव ‘मंदिर’ म्हणून टाकले होते. त्यामुळं चारी ठिकाणी शिखराचं चित्र यायचं. मला ते खुपायचं. जो देव जन्मभर उघड्यावर बसला, त्याच्या डोक्यावर मी कशाला शिखर ठेवू?

तर पावसाळ्यातल्या एका रविवारी ते नकाशाचं सॉफ्टवेअर उघडलं, आणि समोर एक चौकट आली. त्यात नवीन काय काय आलंय ते लिहिलेलं. आधी प्रत्येक वस्तू एकेक धरून बदलावी लागायची. आता म्हणे माउस ओढून हव्या तेवढ्या वस्तू एकदम निवडा, बदल एकदाच करा, तो सगळ्यांना लागू होईल. स्टोअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला असलं काही दाखवू नये. त्याचा हात शिवशिवतो.

दुसरी गंमत म्हणजे वस्तूंच्या प्रकारांपुढं आता चित्रं आली होती. मी चित्रं बघत बघत खाली गेलो आणि एकदम थांबलो. पिवळा त्रिकोण, त्यात चालत निघालेला एक प्राणी, शेपूट वर. काय ती ऐट! माझ्या अंगावर काटा आला. कुठल्या कुठल्या देशांत बसलेली ही माणसं, आणि त्यांना आमच्या वाघदेवाची आठवण! डोळे भरून आले हो माझे. चित्राखाली इंग्रजीत बारीक काहीतरी लिहिलं होतं. पण चित्र एवढं बोलकं असताना खालचं कोण वाचतो?

चारी देवळं एकदम निवडली, त्या चित्रावर टिचकी मारली, साठवून टाकलं. नावं टाकायच्या भानगडीत पडलो नाही. वाघदेवाचं नाव वाडीत कुणाला ठाऊक नाही? मग लॅपटॉप मिटला आणि समाधानानं दुपारची झोप काढली.

हसायला लागलात ना? तुम्हाला कळलं. त्रिकोणात प्राणी दिसला की जगभरची माणसं सावध होतात. आमच्याकडं वाघाचं चित्र दिसलं की माणूस हात जोडतो. त्याला मी काय करू?

पावसाळा गेला. वाघबारसही झाली. भातकापणी जोरात सुरू झाली, आणि मी ते चार वाघ साफ विसरलो.

आमच्या शेजारी भागीकाकी राहते. काका गेले, लेकी सासरी. काकीचं शेत वाडीपासून लांब, जंगलाच्या कडेला, तिथल्या वाघदेवाच्या अगदी पुढ्यात. आमच्याकडं आज याच्या शेतात सगळे, उद्या त्याच्या शेतात सगळे, अशी कापणी होते. तसं काकीचं भात कापून झालं होतं. ऊन खात खाचरात पसरलं होतं. भारे बांधून खळ्यावर आणायचे तेवढे बाकी होते. वर्षभराचा तिचा भात तो एवढाच. आणि त्यात आभाळ भरून यायला लागलं होतं.

नेमकी त्याच सकाळी डोंबिवलीची दोन पोरं डोंगर चढायला म्हणून आली. पायात भारी बूट, पाठीवर पिशव्या. वाडीच्या तोंडाशीच थांबली आणि पुढं पाय टाकेनात. मी कापणीसाठी एक दिवस रजा घेऊन घरीच होतो. मी विचारलं तर त्यातल्या एकानं फोन पुढं केला.

‘‘काका, इथे सगळीकडे टायगर आहेत का? आमचं ॲप डेंजर दाखवतंय.’’

मी बघितलं. डोंगर चढणाऱ्यांचं काहीतरी ॲप होतं. मधोमध आमची वाडी, आणि चारी बाजूंना चार लाल वर्तुळं. प्रत्येक वर्तुळात एक पिवळा त्रिकोण. त्रिकोणात शेपूट वर केलेलं जनावर.

खरं सांगतो, मी दोन पावलं मागं सरकलो. मी काढलेलं चित्र मला ओळखता आलं नाही का, असं विचाराल तर नाही आलं. एकतर ॲप वेगळं. लोकांनी बनवलेल्या त्या नकाशातून दुसरी पुष्कळ ॲपं माहिती उचलतात, हे शिबिरात सांगितलं असेल, पण तेव्हा जेवणाची सुट्टी जवळ आली होती. दुसरं म्हणजे तो लाल रंग. आणि तिसरं म्हणजे मुळात मी भित्रा. भीती वाटली की माझी अक्कल पहिली पळते, मी नंतर.

ती पोरं आल्या पावली परत गेली. जाण्याआधी मी ते ॲप माझ्या फोनवर घेऊन ठेवलं, ही आणखी एक हुशारी.

एव्हाना गणपत आला होता. गणपत माझा लहानपणापासूनचा मित्र. त्यानं फोन बघितला आणि विचारलं, हे खरं कशावरून? आता वाडीत नकाशातला जाणकार कोण? मी! मी त्याला समजावलं. उपग्रह वर आभाळात असतो, त्याला खालचं सगळं दिसतं. जनावराच्या अंगाची ऊबसुद्धा त्याला दिसत असणार. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पण सांगताना ते इतकं पटलं मला, की माझीच बोबडी वळली.

‘‘पन चारी एकदम?’’ गणपत म्हणाला. ‘‘आनि चारी वाघदेवाच्याच जागी?’’

इथं तरी डोक्यात उजेड पडायला हवा होता की नाही? पडला, पण भलताच. मी त्याला म्हणालो, वाघदेवाच्या जागा काही उगाच ठरत नाहीत. वाघ तिथं येऊन बसायचा, म्हणूनच जुन्या माणसांनी तिथं दगड मांडले. वाघांना आपल्या जागा बरोबर माहीत असतात.

गणपतच्या कपाळावर घाम आला. तो बघून माझ्याही.

मग जे झालं ते तासाभरात झालं. गुरं आत घेतली. पोरांना शाळेतून आणलं. शेतात उतरलेली माणसं विळे घेऊन पळत परत आली. कुणीतरी म्हणालं की वाघबारशीची खीर या वर्षी करपली होती, त्याचा देवाला राग आला. फॉरेस्टच्या गार्डला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला की जंगल आहे म्हटल्यावर बिबट्या असतोच, पण चार वाघांची आमच्याकडं काही खबर नाही. आम्ही फोन ठेवला आणि एकमेकांकडं बघितलं. सगळ्यांचं एकच मत पडलं, हे लोक लपवतायत.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. कसा जाणार? स्टँडच्या वाटेवर एक त्रिकोण होता ना!

दुपारी आभाळ आणखी उतरलं. सगळी माणसं माझ्या ओटीवर जमली होती, कारण ताजी खबर माझ्या फोनवर यायची. तेवढ्यात भागीकाकी आली. कमरेला पदर खोचलेला, खांद्यावर भारे बांधायच्या दोऱ्या. तिनं विचारलं, भात उचलायला कोण कोण येतंय? ज्यांनी तिचं भात कापलं होतं तीच माणसं खाली बघायला लागली. मी म्हणालो, काकी, आज नको गो, जिवाशी खेळ होईल.

‘‘माजा भात भिजला तर तो वाघ मला वरीसभर खायला घालनार हाय का?’’ काकी म्हणाली. ‘‘ऊठ. तूच चल माझ्यासंगट. वाघ कुठं बसलाय ते तुझ्या फोनात हाय ना?’’

मी सुगंधाकडं बघितलं. वाटलं, ही तरी अडवील. तिनं आत जाऊन माझी टोपी आणून दिली. आणि म्हणाली, ‘‘काकीच्या मागंच राहा, तुमी पुढं पळू नका.’’

तर आम्ही निघालो. पुढं काकी, मागं मी. एका हातात काठी, दुसऱ्यात फोन. फोनवर निळा ठिपका म्हणजे मी, आणि तो ठिपका त्या लाल वर्तुळाकडं सरकत होता. स्वतःला वाघाच्या तोंडाकडं असं सरकताना कधी बघितलंय तुम्ही? पाचोळा वाजला की मी थांबायचो. पाचोळा माझ्याच पायाखाली वाजतोय हे कळायलाही मला वेळ लागत होता. काकी एका शब्दानं बोलत नव्हती. मला वाटलं, तीही घाबरली असेल. नंतर कळलं, ती तंबाखू चघळत होती.

शेत आलं. काकी सरळ खाचरात उतरली आणि भात गोळा करायला लागली. मी बांधावर उभा राहून चारी बाजूंना राखण करत होतो. आणि एकदम माझ्या हातात काहीतरी थरथरलं, वर कर्कश्श वाजलंसुद्धा!

मी काठी टाकली आणि धावलो. कुठं धावतोय ते बघितलं नाही. एक खाचर ओलांडलं, दुसऱ्यात तोंडघशी पडलो, उठलो, आणि समोर जे आलं त्याला दोन्ही हातांनी कवळ घातली. डोळे गच्च मिटलेले. तोंडानं वाघदेवाचा धावा चाललेला, वाचव रे बाबा, पुढच्या वर्षी खीर मी स्वतः ढवळीन.

बराच वेळ काही झालं नाही. कुणी खाल्लं नाही. मी एक डोळा उघडला. नाकासमोर शेंदूर होता. मी वाघदेवाच्या दगडालाच मिठी मारून बसलो होतो. आणि फोन अजून हातात थरथरत होता. वाजला होता तोच! त्यावर लिहिलं होतं की तुम्ही धोक्याच्या जागेत शिरला आहात. बघितलं तर निळा ठिपका बरोब्बर पिवळ्या त्रिकोणावर. म्हणजे वाघ जिथं बसलाय, तिथंच मी बसलोय. मग वाघ कुठाय?

त्या त्रिकोणावर टिचकी मारली. एक चौकट उघडली. प्रकार, धोका. कशाचा, वन्य प्राणी. ही नोंद कुणी केली, आणि पुढं माझं नाव. आडनावासकट.

मी चष्मा पुसला. त्यावर चिखल आणखी पसरला. पण नाव माझंच होतं. दुसऱ्या त्रिकोणावर टिचकी मारली, तिथंही मी. तिसऱ्यावर मी, चौथ्यावर मी. पावसाळ्यातला तो रविवार, ते चित्र, ते भरून आलेले डोळे, सगळं एकदम आठवलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं हो!

काकी कमरेवर हात ठेवून समोर उभी होती.

‘‘काय लिवलंय त्यात?’’

‘‘काकी,’’ मी म्हणालो, ‘‘हे वाघ मी सोडलेत.’’

मग सगळं सांगितलं. मंदिराचं, चित्राचं, माउस ओढल्याचं. काकी शांतपणे ऐकत होती. ऐकून झाल्यावर तंबाखू थुंकली.

‘‘म्हंजे तुझंच वाघ. मग कालपास्नं तू कोनाला भितोस?’’

मी तिच्यासोबत दोन भारे बांधले, एक डोक्यावर घेतला आणि तिच्या मागोमाग वाडीत परत आलो. काकीचं भात त्या संध्याकाळी पाऊस यायच्या आत खळ्यावर आलं, हे आत्ताच सांगून टाकतो. नाहीतर तुमचा जीव तिकडंच अडकेल, आणि माझी खरी फजिती तर अजून बाकी आहे.

कारण वाडीत येऊन मी सगळ्यांना खरं सांगितलं, आणि कुणी विश्वासच ठेवेना! काल मी थापा मारल्या तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. आज खरं बोलतोय तर संशयानं बघतात. मी म्हणालो, वाघबिघ काही नाही, माझी चूक आहे, चला आता, काकीचं भात भिजेल. कुणी ओटीवरून उठेना.

‘‘सॅटेलाइटला ऊब दिसते, असा तूच बोललास ना?’’ गणपत म्हणाला. ‘‘आता काकीची दया आली म्हनून फिरतोस. आमाला नाय पटत. आदी नकाशातून काढ ते वाघ. आमच्या डोळ्यांसमोर काढ. मग आमी उतरतो शेतात.’’

तिकडं डोंगरामागं गडगडायला लागलं होतं. वाद घालायला वेळच नव्हता. घरात गेलो, लॅपटॉप उघडला. सगळी वाडी माझ्या मागोमाग आत. खोलीत पाय ठेवायला जागा नाही, दारात काकी उभी. नकाशा उघडला. चार वाघ आपापल्या जागी बसलेले. सुगंधा कानाशी येऊन म्हणाली, आता तरी खालचं वाचा. मी एका वेळी चारी निवडले. सगळे श्वास रोखून बघत होते. काढून टाका, यावर टिचकी मारली.

वाघ गेले नाहीत. त्याऐवजी समोर एक चौकट आली. हीदेखील नवीन सोय! आणि ही चक्क मराठीत होती. धोक्याची खूण काढताना म्हणे आता आधी विचारतात. मी मोठ्यानं वाचलं, ‘हा धोका आता तिथे नाही, याची तुम्ही स्वतः जागेवर जाऊन खात्री केली आहे का?’ खाली दोन बटणं. ‘हो, खात्री केली आहे’ आणि ‘नाही’.

सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

माझा हात थांबला. आता तुम्हीच विचार करा. मी गेलो होतो कुठं? एकाच ठिकाणी. काकीच्या शेतापाशी. तिथं वाघ नाही हे मी मिठी मारून बघितलं होतं. पण बाकीचे तीन? तिकडं कोण गेलं होतं? मला पक्कं ठाऊक होतं की ते मीच टाकलेत, मांडीवर लॅपटॉप घेऊन, याच खोलीत बसून. पण एवढ्या गंभीरपणे कुणी विचारलं की माणसाचं मन पालटतं हो. मी वाघ टाकले हे खरं, पण त्यानंतर तिथं कुणी येऊन बसलंच नसेल, असं मी कसं लिहून देऊ?

‘‘खरं काय ते दाब, बाबा,’’ गणपत हळूच म्हणाला.

बाहेर कुठंतरी कुत्रं भुंकलं. एकदाच भुंकलं आणि गप्प झालं.

मी उठलो. माणसांतून वाट काढत दाराशी गेलो, काकीला हाताला धरून आत घेतलं, दार लोटलं आणि कडी घातली.

काकीनं आधी कडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

‘‘बाळू,’’ ती म्हणाली, ‘‘वाघ भाईर काढतोस, का आमच्यासंगट आत कोंडतोस?’’

कडी नीट बसलीय ना, हे हातानं ओढून दोनदा बघितलं. मग जागेवर येऊन बसलो, आणि ‘हो, खात्री केली आहे’ हे बटण दाबलं.